चेहऱ्याची नोंद

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या मुलुखात दुष्काळनिवारणाची जी कामे निघाली, त्यांच्या छायाचित्रांचा एक संग्रह राजा दीनदयाळ यांच्या चित्रशाळेने सिद्ध केलेला आहे. ती कामे औरंगाबाद जिल्ह्यातली, १८९५ ते १९०२ या वर्षांतली. बीड जिल्हा त्या काळी त्याच राज्यात होता आणि त्या दुष्काळाने तो असा भाजून निघाला, की १८९१ च्या शिरगणतीत सहा लाखांवर असलेली त्याची लोकसंख्या १९०१ मध्ये पाच लाखांच्याही खाली आली. दीनदयाळ हे सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारचे छायाचित्रकार. नबाब, जहागीरदार आणि अंमलदार त्यांच्यासमोर आपल्या पसंतीच्या पोशाखात, आपल्या पसंतीच्या ऐटीत बसत. पडद्यातील स्त्रियांसाठी तर १८९२ साली हैदराबादेत त्यांनी स्वतंत्र जनाना चित्रशाळा उघडली होती. दुष्काळी कामावरची रयत मात्र छायाचित्रात आली ती कामाचा पुरावा म्हणून. कोणता पोशाख करावा, कोणीकडे पाहावे, उभे राहावे की बसावे, आणि मुळात चित्र काढू द्यावे की नाही, यांपैकी कशातही तिला विचारण्याचे प्रयोजन कोणास वाटले नसावे. त्या संग्रहाला नाव मिळाले ते कामाचे. माणसांची नावे त्याच्याबरोबर आली नाहीत.

आज मोबाईल हातात धरून स्वतःचीच छबी टिपणाऱ्या पिढीवर जो आत्मरतीचा आरोप सर्रास केला जातो, त्याचा विचार निदान बीडसारख्या जिल्ह्यात तरी या जुन्या संग्रहापासून सुरू करावा असे मला वाटते. कारण दुसऱ्याने काढलेल्या चित्रात असणे आणि आपले चित्र आपल्या मर्जीने काढणे यांमधले अंतर ओलांडायला येथील सामान्य माणसाला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला आहे, आणि ते अंतर ज्यांच्या घराण्याने तीन पिढ्यांपूर्वीच भिंतीवर तसबिरी लावून ओलांडले, त्यांना या नव्या हौसेमागची भूक सहसा दिसत नाही.

मधल्या काळाची हकीकत थोडक्यात सांगता येईल. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांची चित्रे वर्तमानपत्रांतून देशभर गेली, आणि रोजगार हमीच्या हजेरीपटावर त्यांच्या अंगठ्याचे ठसे उमटले. सरकारदरबारी त्यांचे अस्तित्व एवढेच. पुढे आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून आणि जिल्ह्याच्या इतर तालुक्यांतूनही दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसांच्या टोळ्या ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जाऊ लागल्या. या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, हिशेब ठरतो तो कोयत्याचा, आणि वहीत नाव पडते ते पुरुषाचे. पहाटेच्या अंधारात फडात शिरून, मोळ्या बांधून, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी स्त्री त्या वहीत अर्ध्या कोयत्याच्या रूपाने असते. तिला नाव नसते आणि चेहरा तर नसतोच. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. इतका मोठा आकडा इतकी वर्षे कोणाच्या नजरेस पडला नाही, याचे एक कारण हेच, की ज्या कागदांवर हे जीवन चालत होते त्या कागदांना ही माणसे दिसत नव्हती.

अशा मुलुखात २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा आली, इंटरनेट स्वस्त झाले, आणि समोरच्या बाजूला कॅमेरा असलेले फोन बाजारपेठेच्या गावांतून वाड्यावस्त्यांवर पोहोचले. तेव्हापासून फडाच्या कडेला, उसाने भरलेल्या गाडीच्या उंचीवर, पाचटाच्या कोपीसमोर चुलीच्या उजेडात काढलेले फोटो स्टेटसला दिसू लागले. टिकटॉकवर या जीवनाच्या ध्वनिचित्रफिती आल्या. २९ जून २०२० रोजी त्या ॲपवर बंदी आल्यावर ती मंडळी काही दिवसांतच भारतात सुरू झालेल्या इन्स्टाग्रामच्या रीलकडे वळली. या चित्रांत कष्ट आहेत. पण दया मागणारी दृष्टी बहुधा नाही. डोक्याला रुमाल बांधलेली बाई कोयता खांद्यावर टाकून हसते, नवऱ्याला हाताने बाजूला सारते, पुन्हा एकदा फोन वर धरते. दुष्काळाच्या बातमीसाठी आलेल्या छायाचित्रकाराने तिला ज्या मुद्रेत टिपले असते, ती मुद्रा तिने स्वतः होऊन निवडलेली नाही. आणि या निवडीमध्येच, माझ्या मते, सेल्फीचा सारा अर्थ साठलेला आहे.

आता आत्मरतीचा आरोप. त्याचे मूळ ज्या ग्रीक आख्यानात आहे ते रोमन कवी ओव्हिडने विस्ताराने सांगितले आहे: नार्सिसस नावाचा देखणा तरुण तळ्यातील प्रतिबिंबावर आसक्त होतो आणि झुरून मरतो. परंतु या कथेतला एक तपशील आपण विसरतो. आरंभी त्याला ते प्रतिबिंब आपले आहे हे कळलेलेच नसते. पाण्यात कोणी दुसराच आहे अशी त्याची समजूत असते. म्हणजे त्याची शोकांतिका अतिरिक्त आत्मपरिचयाची म्हणण्यापेक्षा आत्मपरिचयाच्या अभावाची म्हणावी लागेल. फ्रॉइडने १९१४ साली या विषयावर जो निबंध लिहिला, त्यात स्वतःवरचे प्रेम ही मनुष्याच्या घडणीतील एक स्वाभाविक अवस्था मानली आहे. पुढे मनोविश्लेषक हाइन्झ कोहुट याने असे प्रतिपादन केले, की मुलाला आपले मूल्य प्रथम आईबापांच्या कौतुकभरल्या डोळ्यांत दिसते आणि तेथे ते दिसले नाही तर मोठेपणी ते जगभर शोधावे लागते. आत्मप्रौढीचा स्वतंत्र व्यक्तिमत्त्वविकार अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत दाखल झाला तो १९८० मध्ये. त्याची लक्षणे इतरांविषयी सहानुभूतीचा अभाव, इतरांचा आपल्या स्वार्थासाठी वापर, कौतुकाची अतृप्त हाव अशी आहेत, आणि फोटो किती काढले यावरून त्याचे निदान होत नसते. २०१४ साली ‘सेल्फायटिस’ नावाचा रोग त्याच तज्ज्ञांच्या संस्थेने घोषित केल्याची एक बातमी जगभर पसरली होती. ती निव्वळ बनावट होती. परंतु तिच्यावर सहज विश्वास बसला, कारण आपल्याला तो विश्वास ठेवायचाच होता.

याच विषयावर अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली याने १९०२ साली मांडलेला विचार मला अधिक जवळचा वाटतो. आपण दुसऱ्याला कसे दिसत असू, तो आपल्याविषयी काय ठरवीत असेल, आणि त्यावरून आपल्याला अभिमान वाटावा की लाज, या तिन्हींच्या मिश्रणातून माणसाचा ‘मी’ घडतो असे तो म्हणतो. हे मान्य केले तर ज्या समाजाने एखाद्याला पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेरून, शेताच्या बांधावरून किंवा मुकादमाच्या वहीतून पाहिले, त्याचा ‘मी’ कसा घडला असेल याची कल्पना करता येते. तो स्वतःचा आरसा स्वतः हातात घेतो तेव्हा त्याला लगेच आत्मरत म्हणणे हे मला घाईचे आणि थोडे निर्दय वाटते.

या ठिकाणी कोणी म्हणेल, की आपल्या परंपरेने तर रूपाचा व नावाचा मोह सोडण्यास सांगितले. ते खरे आहे, आणि तसे सांगणाऱ्यांचे एक मोठे पीठ याच जिल्ह्यात आहे. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्याच गावी सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधीवर दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांबीच्या कापडी पासोडीवर पंचीकरण लिहिले आणि आकृत्या रेखून दाखविले, की पंचमहाभूतांच्या या देहात ज्याला आपण ‘मी’ म्हणतो तो कोठेच सापडत नाही. दृश्य आणि अक्षर एकत्र आणून आत्म्याचा विचार सामान्यांना समजावून देण्याचा इतका विलक्षण प्रयत्न मराठीत दुसरा नसेल. पण याच परंपरेत आणखी एक गोष्ट आहे. अहंकार सोडण्याचा उपदेश करणाऱ्या संतांनी आपल्या अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरची दासी होती. दळणकांडण करणाऱ्या त्या बाईचे नाव कोणत्याही सरकारी दप्तरात राहिले नसते, परंतु तिने ते स्वतःच प्रत्येक रचनेच्या अखेरीस नोंदवून ठेवले आणि म्हणून सातशे वर्षांनी आपल्याला ते ठाऊक आहे. तिला आत्मप्रौढीचा दोष अद्याप कोणी दिलेला नाही. अहंभाव सोडावा हे उत्तमच. परंतु जो कधी धरूच दिला नाही तो सोडणार कसा, हाही प्रश्न त्या उपदेशाबरोबर विचारला गेला पाहिजे.

म्हणून सेल्फीत सारे निर्मळ आहे असे मात्र मला म्हणायचे नाही. हा आरसा खोटे बोलतो, आणि तो कसा खोटे बोलतो हे प्रत्येक शाळेत मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. हात लांब केला तरी कॅमेरा चेहऱ्यापासून हातभर अंतरावरच राहतो, त्यामुळे जे अवयव पुढे आहेत ते प्रमाणाबाहेर मोठे दिसतात. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १२ इंचांवरून घेतलेल्या चित्रात पुरुषाचे नाक पाच फुटांवरून घेतलेल्या चित्रापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक रुंद दिसते. आपले नाक फेंदरे आहे अशा समजुतीने खंगणाऱ्या मुलामुलींना एवढे भूमितीचे ज्ञान मिळाले तरी बरेच दुःख टळेल. त्याहून गंभीर आहे ते फिल्टरचे प्रकरण. फोनमधली ही योजना बोट लावताच त्वचा गुळगुळीत व गोरी करते, जिवणी लहान करते, हनुवटी निमुळती करते. बालाघाटाच्या उन्हात रापलेला सावळा चेहरा त्या योजनेच्या लेखी दुरुस्त करण्याजोगा दोष ठरतो. जी मुलगी आपली नोंद आपल्या हाताने करायला निघाली होती, तिच्या हाती शेवटी कोठल्या तरी दूरदेशीच्या कंपनीने ठरवलेला चेहरा पडावा, ही मला या साऱ्या व्यवहारातली सर्वांत मोठी हानी वाटते. कड्यावर, धबधब्याच्या टोकावर किंवा रुळांवर सेल्फी घेताना जीव गमावणाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. २०११ ते २०१७ या काळात जगभरात असे २५९ मृत्यू वृत्तपत्रांत नोंदले गेले, त्यांत भारतातील सर्वाधिक होते, आणि २०१६ च्या आरंभी मुंबई पोलिसांनी १६ ठिकाणी सेल्फीस मनाई केली होती. परंतु ज्या दुखापती वर्तमानपत्रात येत नाहीत त्यांची गणती अद्याप कोणी केलेली नाही.

सेल्फी कोण काढतो यापेक्षा ती कोठे आणि कोणाच्या दुःखासमोर काढली जाते, यावर तिचा अर्थ फार अवलंबून असतो. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा नदी पुढे लातूरला पाणी पाजते. २०१६ च्या उन्हाळ्यात ती इतकी कोरडी पडली, की एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच एप्रिलमध्ये तत्कालीन ग्रामविकास व जलसंधारणमंत्री पंकजा मुंडे यांनी मांजरेच्या पात्रातील कामाची पाहणी करताना तेथे सेल्फी काढून ती प्रसिद्ध केली आणि महाराष्ट्रभर टीकेचे काहूर उठले. खोदकामाला लागलेल्या पाण्याने वाटलेला दिलासा टिपावा एवढाच हेतू असल्याचे स्पष्टीकरण त्यांनी दिले होते, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. तरीही लोक दुखावले. घागरी घेऊन रांगेत उभा असलेला माणूस त्या चित्रात मागची पार्श्वभूमीसुद्धा नव्हता. त्याच्या तहानेच्या जागी अधिकाराचा चेहरा आला होता. ऊसतोड बाईने फडात काढलेली सेल्फी आणि सत्ताधाऱ्याने कोरड्या पात्रात काढलेली सेल्फी या तंत्रदृष्ट्या सारख्याच गोष्टी असल्या तरी पहिलीत अदृश्य माणूस दृश्य होतो आणि दुसरीत दृश्य माणसामुळे इतर अदृश्य होतात.

सरकारला स्वतःलाही या साधनाचा मोह पडला. शाळाबाह्य मुलांचे प्रमाण घटावे म्हणून नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने हुकूम काढला, की शिक्षकांनी दर सोमवारी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ती ‘सरल’ या संगणकप्रणालीवर चढवावी. शिक्षकांनी विरोध केला आणि त्या हुकमाला स्थगिती मिळाली. दिवाळीनंतर ज्या वर्गातील पोरे आईबापांबरोबर फडावर निघून जातात, त्या बीडच्या वर्गात अशा चित्रातून एवढेच दिसले असते, की बाके रिकामी आहेत. आणि ते तर हंगामी वसतिगृहांची मागणी करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे सांगितलेलेच होते. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांचे दिवसातून दोनदा छायाचित्र घेणे सक्तीचे झाले. अंगठ्याच्या जागी चेहरा आला खरा, पण जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून मान्य केले, की कोठे कामाशी असंबद्ध चित्रे चढविली जातात, तर कोठे जुन्या छायाचित्राचेच पुन्हा छायाचित्र घेतले जाते. यंत्राने हजेरीपटाची जागा घेतली आणि हजेरीपटातील खोट जशीच्या तशी वारसाहक्काने त्याच्याकडे आली.

एका सेल्फीचा उल्लेख मात्र आदराने केला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षे वयोगटात बीड जिल्ह्यात दर १,००० मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली होत्या, राज्यातील सर्वांत कमी. पुढच्याच वर्षी परळीतील स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण उघडकीस आले आणि जिल्ह्याची मान खाली गेली. २०१५ च्या जूनमध्ये हरियानातील बीबीपूर या गावी लेकीसोबत बापाने सेल्फी काढण्याची मोहीम निघाली आणि तिचे लोण देशभर पसरले. नुसत्या चित्राने गर्भलिंगनिदान थांबत नाही, त्यासाठी कायदा राबवावा लागतो. परंतु ज्या घरांत मुलीच्या जन्माची बातमी आवाज खाली आणून सांगत, त्या घरातला बाप तिला कडेवर घेऊन स्टेटसला फोटो ठेवतो, तेव्हा तो आपल्या भावकीसमोर एक जबानी देत असतो, आणि अशी जबानी मागे घेणे सोपे नसते.

आणि आता ज्या विषयावर लिहिताना हात जड होतो तो विषय. गेली काही वर्षे बीडच्या चौकांत उभ्या राहणाऱ्या फ्लेक्सकडे पाहिले की एक रचना पुन्हा पुन्हा दिसते: वरती नेत्याचा भव्य चेहरा आणि खाली शुभेच्छुकांच्या टिकलीएवढ्या चेहऱ्यांची दाटी. त्या दाटीतला तरुण स्वतःला शोधून पाहतो, त्याचा फोटो काढतो आणि तोच स्टेटसला ठेवतो. ही आत्मरती म्हणावी तर तीत आत्मा उरलेलाच नाही. मोठ्या चेहऱ्याच्या छायेत जागा मिळाली हीच त्याची ओळख झालेली असते. याच मार्गाने पुढे काहींच्या हातात पिस्तूल आले आणि त्या पिस्तुलासह काढलेली चित्रे व रील फिरू लागल्या. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांची हत्या झाली, तेव्हा या चित्रांकडे सर्वांचे लक्ष गेले; जिल्ह्यात १,२०० हून अधिक शस्त्रपरवाने आहेत हे उघड झाले, शस्त्रे मिरविणाऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले, काही परवाने रद्द झाले. मार्च २०२५ मध्ये आरोपपत्रासोबतची छायाचित्रे बाहेर आली. मारणाऱ्यांनीच ती मोबाईलवर टिपली असे तपासयंत्रणेचे म्हणणे आहे. खटला न्यायप्रविष्ट आहे आणि दोषादोषाचा निर्णय न्यायालयाचा. परंतु एका माणसाच्या यातना कॅमेऱ्यापुढे मिरविण्याजोग्या कोणाला तरी वाटल्या, ही गोष्ट महाराष्ट्राने आपल्या डोळ्यांनी पाहिली. मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीतले सहानुभूतीच्या अभावाचे लक्षण शोधायचे असेल तर ते येथे शोधावे. फडातल्या बाईच्या हसण्यात ते मला कोठेच आढळले नाही.

त्यानंतर २०२५ मध्ये जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी आपल्या दलात आडनावाऐवजी केवळ पहिल्या नावाचा वापर सुरू केला. टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावे गेली, कारण आडनावातून जात आणि जातीतून तर्क निघत होते. हा उपाय लहान आहे. पण नाव व चेहरा यांचा व्यवहार या जिल्ह्यात किती स्फोटक झाला आहे, याची ती सरकारी कबुलीच होय, आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला समोरच्या खुर्चीतला माणूस आपला की परका हे आधी ताडावे लागू नये, इतके जरी त्यातून साधले तरी मी तो उपाय योग्यच म्हणेन.

ऊसतोड कामगारांच्या नोंदणीचे व ओळखपत्रांचे काम राज्य सरकारने गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या निमित्ताने हाती घेतले, ते ग्रामपंचायतीच्या पातळीवर सुरू झाले. अशा कार्डावर बाईचा फोटो तिच्या एकटीचा असतो, आणि नावही तिचे असते. एवढ्यावर मात्र थांबता येणार नाही. उचल आजही कोयत्यावर दिली जाते, आणि ज्या वहीत ती लिहिली जाते तीत बाईच्या नावाचा रकाना नाही. तिच्या मजुरीची वेगळी नोंद, तिच्या सहीने दिलेली उचल, तिच्या नावावर जमा होणारे पैसे आणि फडावर तिच्यासाठी दवाखान्याची सोय, या गोष्टी कारखान्यांनी व साखर आयुक्तालयाने हंगाम सुरू होण्यापूर्वी करारात लिहून घ्याव्यात; तिने फोनमध्ये आपला चेहरा किती वेळा टिपला याची मोजदाद करण्यापेक्षा हे काम अधिक निकडीचे आहे.